अर्ध्या तासात उतरणारं घर

"बिस्किटाचा पुडा फाडतेस की उघडतेस?" हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य.

मी कॅन्टीनमध्ये एकटीच चहा पीत बसले होते. अंजूर फाट्याच्या पुढच्या एका गोदामात नुकतीच बिलिंगला लागले होते. माझं गाव गणेशपुरीच्या अलीकडे. एसटीने रोज येऊन-जाऊन कंबरेचे टाके ढिले झाले होते, म्हणून भिवंडीत खोली शोधत होते, आणि एकटी पोरगी म्हटल्यावर जो तो दार अर्धं लावून माझ्याशी बोलत होता. तेवढ्यात ही पन्नाशीची किडकिडीत बाई समोर येऊन बसली. ओढणीच्या काठाला सेफ्टी पिनांची अख्खी रांग. नाव नाही, गाव नाही, सरळ बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "उघड."

मी उघडला. म्हणजे शिवणीवरून सोडवला. आमच्या घरी आई पुड्यांचे कागद जपून ठेवायची, त्यामुळे ती सवयच होती. बाईंनी कागद हातात घेतला, उलटापालटा केला, उजेडात धरला. "चालेल," म्हणाल्या. "दोघींत मिळून घर घ्यायचं का? शनिवारी सामान घेऊन ये."

झाली मुलाखत. बँकेतसुद्धा एवढ्या लवकर काम होत नाही.

गोदामात त्यांना सगळे रिटर्नवाल्या ताई म्हणायचे, मीही ताईच म्हणू लागले. लोकांनी मागवलेला आणि मग नको म्हणून परत पाठवलेला माल त्यांच्या टेबलावर यायचा. जसा गेला तसाच आला का, एवढंच बघायचं. पण त्या 'एवढंच'वर बाईंनी जन्म काढला होता. एकदा एक भरजरी साडी आली, घडी अगदी तशीच, टॅगसुद्धा जागेवर. ताईंनी पदर नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "लग्नात नेसलीये. श्रीखंड होतं." आम्ही हसून मेलो. सुपरवायझरने साडी पूर्ण उलगडली, तर निऱ्यांत खरंच पिवळा ठिपका!

तर अशी बाई घर भाड्याने घेते तेव्हा काय करते? ती घरसुद्धा परत करायचा माल म्हणूनच घेते.

आत शिरल्या शिरल्या आधी मोबाईल काढून प्रत्येक भिंतीचा फोटो. मग हाताने भिंत चाचपणार, गाईच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. मग मला बजावणार, "भिंत उसनी आहे. हात लावायचा, ओरखडा नाही." खिळा हा शब्द घरात काढायचा नाही. ड्रिल मशीनचा आवाज शेजारून आला तरी त्या दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारख्या खुर्चीचा हात घट्ट धरायच्या.

आता तुम्हाला वाटेल, मग घर उघडंबोडकं असणार. अजिबात नाही! अशी सजवलेली घरं मी आजवर कुठे बघितली नाहीत, आणि आता मी ठाण्यात चांगल्या सोसायटीत राहते, तिथे लोक पैसे देऊन माणसं बोलावतात घर सजवायला.

त्यांची तऱ्हा अशी. दोन बांबू, जमिनीपासून छतापर्यंत अगदी मापाचे. वरच्या टोकाला जुन्या स्लिपरचा तुकडा, खाली पुठ्ठ्याची पाचर. पाचर ठोकली की बांबू असा घट्ट बसायचा की लोंबकळलात तरी हलणार नाही. दोन बांबूंमध्ये दोरी, दोरीवर कापड. माळ्याच्या कडेला जाड तारेचे आकडे, त्यांना टोपल्या. खिडकीच्या गजांना कुंड्या. गोदामातल्या खोक्यांची फडताळं, वर कापड चढवलं की कुणाच्या बापाला पुठ्ठा आहे हे कळायचं नाही. आणि कापड तर भिवंडीत काय, पावलोपावली. मागावरून उतरलेलं कोरं कापड, इथे त्याला ग्रे म्हणतात, पण असतं ते सायीच्या रंगाचं. त्यातलं डागी, सूत तुटलेलं कापड ताई वजनावर आणायच्या आणि हळद, चहाची पूड, डाळिंबाची सालं यांत रंगवायच्या. मालक लोक भिंतींना देतात तो दवाखान्याचा हिरवा रंग या कापडांमागे कुठल्या कुठे गडप व्हायचा.

माझी आई एकदा गावाहून आली, दमून भागून भिंतीला टेकली आणि धपकन मागेच गेली. "आगं माय, भित हाय का न्हाय ही?" म्हणून ओरडली. भिंत होती, पण वीतभर मागे. त्यानंतर ती आमच्याकडे आली की आधी बोटाने टोचून बघायची आणि मगच बसायची.

या सगळ्याला ताईंचा एकच नियम होता. जे लावायचं ते अर्ध्या तासात उतरलं पाहिजे. "आपण निघालो की मागे फक्त फोडणीचा वास राहावा," म्हणायच्या, "तो दोन दिवसांत जातो."

नियमाची हद्द किती? पहिल्या घरात स्वयंपाकघराच्या दारावर कुणा पोराने चिकटवलेला कार्टूनचा अर्धा फाटका स्टिकर होता. साफसफाई करताना मी तो खरवडून काढला. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. ताईंनी जेवण सोडलं. "तो आपला नव्हता," एवढंच म्हणाल्या. घर सोडायच्या आठवड्यात ही बाई धामणकर नाक्याची दुकानं पालथी घालत फिरली, तसाच स्टिकर शोधून आणला, अर्धा फाडला, नखाने घासून जुना केला आणि दारावर चिकटवला. मालक चाव्या घ्यायला आला आणि पहिलं काय म्हणाला माहीत आहे? "एवढे दिवस राहिलात बाई, तो घाणेरडा स्टिकर तरी काढायचात!"

ताईंनी मान खाली घातली. मी जिन्यात जाऊन हसून घेतलं.

पण त्या घरातून आम्ही का निघालो, ते ऐका. भाडं थकलं नव्हतं, भांडण नव्हतं, काही नव्हतं. अकरा महिन्यांचा करार संपत आला म्हणून मालक सह्यांसाठी आला. आत आला, चप्पल काढली, आणि उभाच राहिला. मग बसला. दोनदा चहा झाला. कापडातून येणाऱ्या उजेडाकडे बघत म्हणाला, "आपलं घर एवढं छान आहे, कधी लक्षातच आलं नाही." मी मनात म्हटलं, झालं कल्याण. आठवड्याभरात फोन, "मुलीचं लग्न ठरतंय, जावई इथेच राहील म्हणतो." ताई फोनवर गोड आवाजात म्हणाल्या, "काही हरकत नाही, आम्ही निघू."

निघालो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मालकाचा फोन. "तुम्ही काहीतरी नेलंत."

"काय नेलं?" ताईंनी विचारलं.

"ते सापडत नाहीये," तो म्हणाला. "पण नेलंत. हॉल असा नव्हता."

ताईंनी त्याला त्याच्याच हॉलचे, आम्ही राहायला आलो त्या दिवशीचे फोटो पाठवले. पुन्हा त्याचा फोन आला नाही.

दुसऱ्या घराचं हेच. तिथे मालकाची बायको हळदीकुंकवाला आली आणि महिन्याभरात "आम्हीच यावं म्हणतो" सुरू झालं. पुन्हा ताईंचं तेच गोड वाक्य, "काही हरकत नाही, आम्ही निघू." मी जाम भडकले. म्हटलं, "अहो, तुम्ही घर सजवता आणि मालक राहतात! हा काय धर्मादाय धंदा लावलाय? एकदा तरी नाही म्हणा!" त्या दोरीची गुंडाळी करत होत्या. म्हणाल्या, "त्यांचं आहे, ते मागणारच. माल आपला थोडाच असतो." माझ्याआधीसुद्धा त्यांची अशी किती घरं झाली होती कोण जाणे. विचारलं की म्हणायच्या, "मोजायची कशाला?"

तिसरं घर खालांचं. खाला म्हणजे मावशी, सगळेच त्यांना तसं म्हणायचे; भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातल्या. खाली त्यांचे लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि वर आमची दोन खोल्यांची जागा. लूम सुरू झाले की अख्खं घर गुणगुणायचं. पेल्यातलं पाणी थरथरायचं, फडताळावरचा आरसा चालायला लागायचा. मी हौसेने दुकानातून चिकटवायचे हूक आणले होते, ते एकेक करून खाली आले. तिसरा आमटीत पडला. ताईंनी तो पळीने काढून माझ्या ताटाशी ठेवला. त्यांचे बांबू मात्र जागचे हलले नाहीत. थरथरीने पाचर सैल होते, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याऐवजी खालच्याच कारखान्यातला रबराचा तुकडा घातला आणि कंबरेवर हात ठेवून घराकडे अशा बघत राहिल्या की मला वाटलं, आता दृष्ट काढतील.

या घरात बाई बदलल्या. आधीच्या दोन्ही जागांना त्या 'ती खोली' म्हणायच्या. हिला 'घर' म्हणायला लागल्या. "आपल्या गॅलरीत वारा येतो," "आपल्याकडे पाणी दोनदा येतं." आपल्याकडे! लूमवरच्या कामगारांच्या शिफ्टसुद्धा त्यांना पाठ झाल्या होत्या. शुक्रवारी लूम बंद असायचे तर म्हणायच्या, "आज घर मुकं वाटतं गं." मी एकदा चिडवलं, "ताई, जीव जडला वाटतं?" तर कानावरून वारं गेल्यासारखं केलं आणि उगाच पोळपाट घासायला घेतला.

करार संपत आला. खालांचा निरोप आला, शुक्रवारी दुपारी घर बघायला येते.

ताईंचा चेहरा उतरला. दोन दिवस जेवणात लक्ष नाही, बोलण्यात लक्ष नाही. आणि शुक्रवारी सकाळी मी दात घासत असताना अचानक म्हणाल्या, "या वेळी घर दाखवायचं नाही."

"म्हणजे?"

"सगळं उतरवायचं. त्यांना हिरव्या भिंती दिसू देत. कुणाला मोह नको पडायला."

मला तर हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "अहो, पाहुणी येणार आणि आपण घर ओकंबोकं करून बसायचं?" मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई लबाडी करायला निघाली होती. आणि कशासाठी? राहायला मिळावं म्हणून!  मी पण पदर खोचला.

आता चूक कुठे झाली ती बघा. दुसऱ्या कुणी चार पडदे काढले असते, दोन टोपल्या लपवल्या असत्या, काम भागलं असतं. पण ताईंना उतरवण्याची एकच रीत माहीत. कापडं घडी घालून बोचक्यात. टोपल्या एकात एक. बांबू दोरीने बांधून. खोकी मोडून सपाट. कुंड्या पोत्यात. आणि सगळं दारापाशी ओळीने, आधी काय उचलायचं त्या क्रमाने. हातांना दुसरं काही येतच नव्हतं. मी बघत होते, मदत करत होते, आणि मलाही काही सुचलं नाही. अर्ध्या तासात घर उतरलं. लूम बंद, भिंती हिरव्या, बोललं की आवाज घुमायचा.

खाला जिना चढून धापा टाकत आल्या. दारातल्या बोचक्यांना अडखळल्या. आत बघितलं. पुन्हा बोचक्यांकडे बघितलं.

"निघालात?" त्या म्हणाल्या. "अगं, मला न सांगता? मी काय वाईट केलं तुमचं?"

 खालांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी फोन काढून लावलासुद्धा. "हां बेटा, कुठे आहेस? धामणकर नाक्यावर? मग ये इकडे. वरची जागा खाली झाली. हां, तुलाच देते, जबान दिली." फोन ठेवला आणि बोचक्यावरच बसल्या. "माझ्या बहिणीचा मुलगा. नवीन लग्न झालंय, घरात जागा नाही, मागे लागला होता. मी म्हणत होते, बायका राहतात, चांगल्या आहेत, मी काढणार नाही. आज तर मी हे सांगायलाच आले होते, की राहा अजून. तर तुम्हीच सामान बांधून बसलात."

मी ओरडलेच. "खाला, आम्ही कुठे जात नाही हो! कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मग ही बोचकी काय हजला चाललीत?"

मी ताईंकडे बघितलं. त्या भिंतीला चिकटून उभ्या होत्या, दोरीची गुंडाळी हातात. खाला मला हाताने थांबवत म्हणाल्या, "तू थांब. हिला बोलू दे. काय गं, तुझं काय?"

मला माहीत होतं काय येणार ते. दोन घरं ऐकलेलं वाक्य होतं. "काही हरकत..." ताईंनी सुरुवात केली, त्याच गोड आवाजात. मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं.

पुढचं काही आलंच नाही. मी डोळे उघडले तर ताईंचा चेहरा लाल झालेला, ओठ हलतायत आणि आवाज नाही. मग एकदम, त्या घुमणाऱ्या खोलीत, केवढ्याने तरी म्हणाल्या, "मला नाही जायचं!"

स्वतःच दचकल्या. मग हळू आवाजात पुन्हा, "मला इथून नाही जायचं खाला. मला हे घर आवडतं. तुम्ही बघितलंत तर तुम्हालाही आवडेल आणि तुम्ही मागाल, म्हणून उतरवलं. बाकी काही नाही." आणि ही पन्नाशीची बाई ओढणी तोंडाला लावून लहान पोरीसारखी हमसून हमसून रडायला लागली. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर होते, त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

 खालांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! अगं, मग उभी काय राहिलीस? लाव! तो पोरगा निघाला असेल!"

पुढे जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ताईंनी डोळे पुसले आणि बांबू सोडले. मी पाचर ठोकली. खालांनी बुरख्याच्या बाह्या वर सारल्या आणि दुसरा बांबू दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. "सरळ आहे का? अगं सांग ना, सरळ आहे का?" ताई स्टुलावर चढून हुकूम सोडायला लागल्या, "खाला, हळदीचं कापड द्या. ते नाही, ते डाळिंबाचं. घडी उलट धरलीत तुम्ही." आणि घरमालकीण निमूट घडी बदलून देत होती! धामणकर नाक्यावर त्या दिवशी नेहमीसारखाच ट्रॅफिक तुंबला होता. त्या नाक्याला मी आयुष्यात एकदाच दुवा दिला, तो त्या दिवशी.

पोरगा आला तेव्हा खालांच्या एका हातात दोरीचं टोक होतं आणि दुसऱ्या हातात टोपली. तो दारात चकित होऊन उभा. "खाला, तू तर बोललीस खाली झाली जागा?"

"खाली नव्हती रे," खाला जराही न अडखळता म्हणाल्या. "धुवायला काढली होती."

तो आत येऊन बघत राहिला. तोच तो चेहरा, पहिल्या मालकाचा. वर बघितलं, कापडाला हात लावला, खिडकीतून उजेड येत होता तिकडे गेला.  "मस्त आहे यार," म्हणाला. "खाला, मला हीच दे ना. तू जबान दिलीस."

"दिली होती रिकाम्या जागेची," खाला म्हणाल्या. "ही रिकामी कुठाय? तुला मागच्या गल्लीतली बघते. आणि बेटा, हे काही भिंतीत उगवलेलं नाही. ही बाई इथून गेली की हेही गेलं. तुला काय मिळणार, हिरवा रंग?"

पोरगा भला होता. हसला, चहा प्याला, बांबू कसा बसवतात ते ताईंकडून दोनदा विचारून घेतलं आणि गेला. मागच्या गल्लीतल्या त्याच्या जागेत नंतर ताईंनीच जाऊन दोन बांबू लावून दिले.

खाला निघताना जिन्यात थांबल्या. ताईंना म्हणाल्या, "एवढं मनात होतं तर आधी का नाही बोललीस?"

"मालकाला कसं बोलायचं?" ताई म्हणाल्या.

"तोंडाने," खाला म्हणाल्या. "मालकाला काय स्वप्न पडतं? मीसुद्धा आजवर किती भाडेकरू पाहिले, जाताना रडणारे. राहायचंय म्हणून रडणारी तू पहिलीच."

"किती दिवस राहू?"

"मी आहे तोवर राहा. पुढचं माझ्या पोराशी बोल."

मग माझं लग्न झालं आणि मी ठाण्याला आले. ताई तिथेच आहेत, करार होत राहतात. परवा त्यांचा फोन आला. खाला आता फारशा उठत नाहीत, पण शुद्धीत आहेत, ताई रोज खाली जाऊन त्यांच्याजवळ बसतात. बोलता बोलता म्हणाल्या, "खालांचा मुलगा आला होता सौदीहून. घर बघायला वर आला. बराच वेळ बसला. खूप आवडलं त्याला."

मी विचारलं, "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" ताई म्हणाल्या. "म्हटलं, छान आहे ना? अजून एक कप चहा घ्या. मला जायचं नाहीये."

"आणि तो?"

"त्याने घेतला की चहा."